दाढीवाल्या सरड्याचें जेवण



आजच्या भाषणाचा नायक सरडा आहे. नांव ऐकतांच कोणी नाक मुरडलें असेल तर त्यांत नवल नाहीं. आपल्या म्हणींत सरड्याची धांव कुंपणापर्यंत, आणि तो कुंपणावर दिसला रे दिसला कीं पोरांच्या हातांत दगड! रंग बदलणाऱ्या माणसाला आपण त्याचेंच नांव देतों. छत्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. तेवढ्या काळांत विद्यार्थ्यांच्या तावडींतून किती सरडे सोडविले याची गणती नाहीं. अशा या बदनाम कुळाची एक शाखा ऑस्ट्रेलियांत मोठ्या लाडानें पाळली जाते, आणि त्या प्राण्यानें एक वेळ अन्नाकडे पाठ फिरविली तर घरांतील माणसांच्याही घशाखालीं घांस उतरत नाहीं. गेल्या वर्षीं सिडनी शहरांत मुलीच्या घरीं माझें सात महिने वास्तव्य झालें, तेव्हां हा प्रकार रोज जवळून पाहावयास मिळाला. या प्राण्याचें जेवण, व जेवतांनाचे त्याचे चमत्कारिक चाळे, यांविषयीं आज बोलावयाचें आहे.

इंग्रजींत याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. आपण दाढीवाला सरडा म्हणूं. हनुवटीखालीं मऊ कांट्यांची एक झालर असते. राग आला, भीति वाटली, कीं तो ती फुगवितो आणि पाहतां पाहतां ती काळीभोर होते. आल नांवाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें १९२६ सालीं या जातीचें प्रथम वर्णन केलें. आज तिचें शास्त्रीय नांव पोगोना व्हिटिसेप्स असें आहे. पोगोन म्हणजे ग्रीक भाषेंत दाढी. पूर्व ऑस्ट्रेलियाचा जो कोरडा अंतर्भाग, तेथील खुरटीं झाडें, दगड व कुंपणाचे खांब हें याचें माहेर. नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत तो दोन फुटांपर्यंत वाढतो, व त्यांत निम्म्याहून अधिक शेपटीच असते. आपल्या बागेंतला सरडा आणि हा, दोघेही एकाच कुळांतले. म्हणजे नात्यानें चुलतभाऊच म्हणावयाचे.

न्यू साउथ वेल्स राज्यांत हा प्राणी पाळावयाचा तर सरकारी परवाना काढावा लागतो, आणि रानांतून धरून आणलेला चालत नाहीं. पाळीव जोडप्याच्या पोटचाच पाहिजे. हा नियम मला फार आवडला. आमच्या घरचा सरडा तीन वर्षांचा होता. त्याची दाढी पाहून माझ्या दहा वर्षांच्या नातवानें त्याचें नांव ‘बुवा’ असें ठेविलें होतें. बुवांची कांचेची पेटी दिवाणखान्यांत, आणि तिची सर्व निगा नातवाकडे.

आतां मुख्य विषयाकडे येतों. कुत्रें जेवलें नाहीं तर तें निदान कोपऱ्यांत जाऊन निजतें, कण्हतें, आपल्याकडे केविलवाणें पाहतें. सरड्याला आवाज नाहीं व मुद्रेवर भावही नाहींत. त्याच्या प्रकृतीची वार्ता कळावयाची ती मुख्यतः जेवणाच्या वेळीं. म्हणून त्या वेळचें त्याचें वागणें नीट वाचतां आलें पाहिजे. आणि या वाचनाचें पहिलें अक्षर अन्न हें नसून ऊन हें आहे.

आपलें रक्त आपण खाल्लेल्या अन्नाच्या बळावर ऊन राहतें. सरड्याचें तसें नाहीं. त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. दाढीवाल्या सरड्याच्या अंगाची उष्णता पस्तीस अंश सेल्सियसच्या आसपास आली म्हणजे त्याचे स्नायू चपळ होतात आणि जठर कामाला लागतें. म्हणून पेटीच्या एका टोंकाला दिव्याखालीं चाळीस अंशांच्या जवळपास उष्णता ठेवतात, आणि दुसरें टोंक पंचवीसाच्या आसपास गार ठेवतात, म्हणजे त्याला हवें तेव्हां उन्हांत व हवें तेव्हां सांवलींत जातां येतें. सकाळीं तो दिव्याखालच्या दगडावर अंग चपटें करून पडतो आणि पाठीचा रंग गडद करतो. गडद रंगानें ऊन अधिक शोषलें जातें. थंडींत काळी घोंगडी पांघरून उन्हांत बसणाऱ्या धनगराला हें शास्त्र शिकवावें लागत नाहीं. अंग पुरेसें तापलें कीं रंग फिका होतो, कधीं तोंड उघडें टाकून तो स्वस्थ बसतो. तें तोंड उघडणें म्हणजे भूक नव्हे. जास्त झालेली उष्णता बाहेर टाकण्याची ती रीत. मात्र दिव्यापासून दूर, गार जागीं बसून तो तोंड वासूं लागला, किंवा श्वासाबरोबर घरघर ऐकूं आली, तर छातींत विकार असण्याचा संभव असतो.

आमच्या घरीं पूर्वीं बुवांना संध्याकाळीं साडेसहाला वाढीत असत, कारण जांवई त्या सुमारास कचेरींतून येत आणि सर्वांना ती गंमत पाहावयाची असे. सात वाजतां दिवे मालवत. बुवा रातकिड्याकडे पाहत, एकदां जिभेनें चाटत, आणि मान फिरवीत. सर्वांचें म्हणणें पडलें कीं ते फार चोखंदळ झाले आहेत. वास्तविक चोखंदळपणाचा यांत कांहीं संबंध नव्हता. पोटांत अन्न घालून गारठ्यांत निजलें तर तें अन्न पचत नाहीं, कुजतें. म्हणून उजाडल्यावर तास-दीड तास त्याला तापूं द्यावें, मग वाढावें, आणि जेवणानंतर निदान दोन तास तरी ऊब असावी, असा जाणत्यांचा नियम आहे. नातवानें शाळेला निघण्यापूर्वींची वेळ धरली आणि चार दिवसांत बुवांचा चोखंदळपणा नाहींसा झाला.

चाटण्याबद्दल येथेंच सांगून टाकतों. सरडा दगड चाटतो, आपलें बोट चाटतो, किडाही चाटून पाहतो. त्याच्या टाळूंत वास ओळखण्याचें एक निराळें इंद्रिय असतें, आणि जीभ त्या इंद्रियाकडे बाहेरची बातमी पोंचवीत असते. तेव्हां चाटून सोडून दिलेलें अन्न म्हणजे चौकशी करून नापसंत केलेलें अन्न. मान तिरकी करून एका डोळ्यानें किड्याकडे रोखून पाहणें यांतही वेडेपणा नाहीं. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असतात, आणि एखादी वस्तु न्याहाळावयाची तर तो असाच न्याहाळणार.

याहून विनोदी प्रकार म्हणजे जेवतांना हात हलविणें. बुवा पुढचा एक पाय उचलून हवेंत सावकाश वर्तुळ काढीत. पाहुणे म्हणत, ‘वा! नमस्कार करतो!’ ब्रॅटस्ट्रॉम या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें दाढीवाल्या सरड्यांच्या समाजांतील रीतिरिवाजांचा अभ्यास १९७१ सालीं प्रसिद्ध केला. त्यावरून पाहतां हा नमस्कार नसून शरणागति आहे. लहान सरडा मोठ्याला सांगतो, ‘मी तुझ्याशीं भांडत नाहीं.’ माणसाचा हात वरून पेटींत उतरला कीं सरड्याला वरून झडप घालणाऱ्या ससाण्याचीच आठवण होणार. वाढणारानें हात बाजूनें आणि खालून नेला तर पुष्कळदां ही शरणागति थांबते.

दाढी काळी होणें ही गोष्ट मात्र निराळी. एका आठवड्यांत असें झालें कीं ताटली ठेवली रे ठेवली कीं बुवांची दाढी काळी, मान खालींवर, आणि कांचेवर नखांचें ओरबाडणें. जेवणाकडे लक्षच नाहीं. पालेभाजी बदलून पाहिली, किडे बदलून पाहिले. शेवटीं नातूच जमिनीवर पालथा पडून बुवांच्या उंचीवरून पेटींत पाहूं लागला, आणि ओरडला, ‘आजोबा, आंत दुसरा सरडा आहे!’ खोलींतलें कपाट हलविल्यामुळें सकाळच्या वेळीं कांचेंत प्रतिबिंब पडत होतें. बुवा जेवत नव्हते, कारण त्यांच्या पंक्तीला एक परका आगंतुक रोज येऊन बसत होता. बाहेरून कागद चिकटविला आणि भांडण मिटलें. शिक्षणशास्त्राचीं पुस्तकें मुलाच्या पातळीवर उतरून पाहावें असें सांगतात. सरड्याच्या पातळीवर उतरून पाहण्याचें मला तरी कोणी शिकविलें नव्हतें.

जून महिना उजाडला. तिकडे तो हिंवाळा. बुवांनीं प्रथम दोन दिवसांआड खाणें सुरू केलें, मग आठवड्यांतून एकदां, आणि महिनाअखेर तर अन्न सर्वस्वीं सोडलें. लांकडाच्या पोकळींत शिरून ते निजून राहिले. दिवा पूर्वींसारखाच, ऊब पूर्वींसारखीच. तरी दिवस लहान झाल्याची खबर त्यांना कोठून तरी लागली होती. घरांत चिंतेचें वातावरण पसरलें. एका शेजाऱ्यानें चिमट्यानें जबडा उघडून अन्न घालण्याचा सल्ला दिला. मुलाच्या डोळ्यांना पाणी आलें. ज्या पशुवैद्यांकडे बुवांना पूर्वींपासून नेत असत, त्यांनीं विचारलें: वजन किती? त्याच दिवशीं स्वयंपाकघरांतला तराजू पेटीशेजारीं आला. मे महिन्याच्या अखेरीस ४१२ ग्रॅम. जुलैच्या अखेरीस ४०१. दोन महिन्यांच्या लंघनांत अकरा ग्रॅम!

प्रौढ सरड्याची ही हिंवाळी झोंप निसर्गसिद्ध आहे. रानांत थंडी पडली कीं तो बिळांत किंवा पालापाचोळ्याखालीं शिरतो, व त्याचा देहव्यापार मंदावतो. या झोंपेंत वजन जवळजवळ स्थिर राहतें. तें दशांशानें घटलें, डोळे खोल गेले, शेपटीच्या मुळाशीं हाडें दिसूं लागलीं, तर ती झोंप नव्हे, दुखणें होय. वर्षाच्या आंतल्या पिलाला मात्र असें निजूं देऊं नये. त्याच्या अंगीं सांठा नसतो. आणि निजणाऱ्याच्या तोंडांत अन्न कोंबणें हें तर घातकच. थंड जठरांत तें कुजणार. झोंपेवरून आठवलें: जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील माक्स प्लांक मेंदु-संशोधन संस्थेंत याच दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूचे विद्युत्-आलेख काढले गेले, आणि आपल्याला स्वप्नें पडतात त्या अवस्थेसारखी अवस्था त्याच्याही रोजच्या झोंपेंत येते असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. बुवांच्या स्वप्नांत काय येत असेल यावर नातवाचें व माझें बरेंच संभाषण झालें. तो म्हणे झुरळें. माझें मत टोळ.

ऑगस्टच्या मध्यावर बुवा उठले. पाणी प्याले, दिव्याखालीं तापले, आणि जेवावयास बसले. घरांत आनंदीआनंद. खरी काळजीची गोष्ट येथून पुढें सुरू झाली, आणि तिच्याकडे मोठ्या माणसांपैकीं कोणाचेंच लक्ष नव्हतें.

या कुळांतले सरडे लहान भक्ष्य पकडतात तें जबड्यानें नव्हे, जिभेनें. जाड, ओलसर जीभ बाहेर येते, तिच्या चिकट टोंकाला किडा लागतो आणि आंत ओढला जातो. झडप घालतांना ते बहुधा डोळे मिटतात. त्यामुळें एखादा नेम चुकतो, आणि लोक हंसतात. बुवांचे नेम वरचेवर चुकूं लागले. जांवई म्हणाले, ‘बुवा म्हातारे झाले.’ सर्वजण हंसले. नातू हंसला नाहीं. त्यानें वहींत रेघा मारावयास प्रारंभ केला: दहा किड्यांमागें पहिल्या दिवशीं तीन चुकले, आठव्या दिवशीं सहा. शिवाय पकडलेला किडाही चावतांना तोंडांतून गळून पडे, आणि पायाच्या बोटांना बारीक कंप सुटे. भूक होती, ऊब होती, वजनही होतें. मग उणें काय होतें?

पशुवैद्यांनीं बोटानें खालचा जबडा हलकेच दाबून पाहिला. तो किंचित् लवला. क्ष-किरणांचें चित्र काढलें, तेव्हां हाडें विरळ झालेलीं दिसलीं. ते म्हणाले, ‘पेटींतली नळी कधीं बदलली?’ चौदा महिने झाले होते. ही नळी म्हणजे जंबुपार किरण देणारी नळी. त्यांना हल्लीं अतिनील किरण म्हणतात. या किरणांनीं कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्याच्या साहाय्यावांचून खाल्लेलें कॅल्शियम हाडांपर्यंत पोंचत नाहीं. तें कमी पडलें कीं शरीर हाडांतलें कॅल्शियम काढून रक्ताला पुरवितें, आणि अखेरीस स्नायूही थरथरूं लागतात. नळीची फसवणूक अशी कीं तिचा उजेड डोळ्यांना पूर्वींइतकाच दिसतो; आटतात ते न दिसणारे किरण. म्हणून ती सहा महिन्यांनीं, फार तर वर्षानें, जळत असली तरी बदलावी लागते. आणखी दोन महिने असेच गेले असते तर एखादी साधी उडी मारतांना पायाचें हाड मोडलें असतें, असें पशुवैद्य म्हणाले.

नवी नळी आली. तोंडावाटे कॅल्शियमचें औषध सुरू झालें. किड्यांना कॅल्शियमची पूड फांसून देण्याची शिस्त घातली. ऊन असेल त्या दिवशीं बुवा अंगणांत जाळीच्या पिंजऱ्यांत बसूं लागले. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन यासाठीं उपयोगाचें नाहीं, कारण कांच तेच किरण अडविते. सहा आठवड्यांनीं वहींतल्या चुकांच्या रेघा दहांत एकावर आल्या. ज्या लंघनानें सारें घर हवालदिल झालें होतें तें निरुपद्रवी निघालें, आणि ज्या चुकलेल्या नेमावर सारें घर हंसलें तेंच दुखणें होतें. माझ्या नातवानें रेघा मारल्या नसत्या तर काय झालें असतें हा विचार मला परतीच्या प्रवासांतही सोडीना.

हल्लीं मुंबई-पुण्याकडेही कांहीं हौशी घरांत हा प्राणी येऊं लागला आहे, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. पिलांना मुख्यतः किडे लागतात. वय वाढेल तसा पाला वाढवावा व किडे कमी करावे. किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून अधिक नसावी. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटींत राहूं देऊं नयेत. ते निजलेल्या सरड्यालाच कुरतडतात. पालक पौष्टिक म्हणून रोज घालूं नये. त्यांतील ऑक्झॅलेटें कॅल्शियमला बांधून ठेवतात. गोड, मऊ फळें क्वचितच द्यावीं. याचे बहुतेक दांत जबड्याच्या कडेलाच जडलेले असतात, पडले तर पुन्हां येत नाहींत, आणि मऊ गोड अन्नानें हिरड्या नासतात. मादी असेल तर नराशिवायही ती अंडीं घालते. त्यापूर्वीं ती जेवण टाकते आणि जमीन उकरीत सुटते. तिला अन्नापेक्षां खोल ओलसर वाळूची गरज असते.

आणि काजवा चुकूनही देऊं नका. अमेरिकेंत काजवे खाऊन पाळीव दाढीवाले सरडे मेल्याच्या घटना १९९९ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत नमूद झाल्या आहेत. एकच किडाही पुरे होतो. ऑस्ट्रेलियाच्या त्या कोरड्या अंतर्भागांत याची व काजव्याची गांठच पडत नाहीं, मग तो विषारी हें त्यानें ओळखावें कसें? उलट पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उडाली कीं रानांतला दाढीवाला सरडा तिच्यावर तुटून पडतो. रानांतील सरड्यांच्या पोटांतलें अन्न तपासलें तेव्हां त्यांत या पंखवाल्या वाळवीचाच भरणा अधिक आढळला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोंवतीं जमणारे ते किडे आपण सर्वांनीं पाहिले आहेत, आणि त्यांवर तुटून पडणाऱ्या पालीही.

आपल्याकडचा पावसाळा मात्र या पाहुण्याला जड जातो. त्याच्या मूळ प्रदेशांतली हवा कोरडी. मुंबईंत आषाढ-श्रावणांत भिंतींनाही ओल येते. अशा हवेंत पेटी गार पडली कीं छातीचे विकार जडतात, आणि त्यांची पहिली खूण पुन्हां जेवणाच्या वेळींच दिसते: तो किड्याकडे पाहतो, पुढें येतो, आणि मध्येंच तोंड उघडून थबकतो. तेव्हां पेटीला वारा खेळता ठेवावा, पाण्याचें पसरट भांडें दिव्यापासून दूर असावें, आणि वीज गेली तर उबेची कांहीं सोय आधींच करून ठेवावी. पाण्यासाठीं सकाळीं चार थेंब त्याच्या नाकावर सोडले तरी तो ते चाटून घेतो. रानांत तर हलका पाऊस आला म्हणजे तो मागचें अंग उंच करतो, डोकें खालीं घालतो, आणि पाठीवरून ओघळत येणारें पाणी तोंडाशीं पोंचलें कीं सावकाश पितो. अंगणांत झारीनें पाणी शिंपडतांना बुवांनीं एकदां ही आसनसिद्धि दाखविली होती. नातू पाणी घालतां घालतां थांबला, तशी त्यांनीं मान वळवून वर पाहिलें.